आधी क्षमा

दादांनी आधी क्षमा मागितली, मी ती दिली, आणि मग त्यांनी काय केलं होतं ते सांगितलं. हेच उलटं झालं असतं तर मी काय केलं असतं ते मला आता कधीच कळणार नाही, आणि सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. पर्युषण संपल्यावरचा, आम्हा जैनांचा क्षमावाणीचा दिवस. या दिवशी सकाळी फोन हातात घेतला की कमळाची, मोरपिसाची, जोडलेल्या हातांची चित्रं नुसती कोसळत असतात : वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. जिनेंद्र आवटी, म्हणजे आमच्या पेपरच्या सांगली कार्यालयाचे प्रमुख, ज्यांना मी गेली अठरा वर्षं दादा म्हणते, त्यांचंही एक कमळ दरवर्षी येतं. मी त्यांना दुसरं कमळ पाठवते आणि तो विषय संपतो. यंदा मात्र सकाळी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर दादा. पांढरं धोतर, अंगावर उपरणं, कपाळावर गंध, बस्तीतून, म्हणजे आमच्या मंदिरातून, थेट आलेले. आत या की, म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच थांबले. नोकरीच्या पहिल्या दिवशी ज्यांच्यापुढं मी भीत भीत बातमी ठेवली होती ते पंचावन्न वर्षांचे दादा माझ्यापुढं कमरेत वाकले आणि म्हणाले, "प्रिया, वर्षभरात माझ्याकडनं कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा कर."

"अहो दादा, काय हे. आत तर या."

"आधी म्हण. मग येतो."

मला हसूच आलं. म्हातारपणी माणसाला धर्माचा जोर चढतो तसं झालं असेल, असं वाटलं. दूधवाल्याला म्हटलं असतं तसंच म्हणून टाकलं, "उत्तम क्षमा, दादा." तेव्हा ते आत आले, खुर्चीत बसले, आईनं आणून दिलेला चहा घेतला. बशीत ओतून एक घोट प्याले. मग बशीकडंच बघत म्हणाले, "कुपवाडला त्या दिवशी तू कुठं हाईस ते जयराजला मीच कळवलं हुतं. तू पाठवलेलं लोकेशन हुतं न्हवं, तेच फुडं पाठवलं. तुला मारतील असं न्हवतं वाटलं गं. मोबाईल काढून घेतो आणि समजावून सांगतो म्हणाला हुता." आत स्वयंपाकघरात आईचा तव्यावरचा उलथण्याचा आवाज थांबला होता. दादांनी राहिलेला चहा संपवला. पेपर चालवायचा म्हटलं की कुणाकुणाशी जमवून घ्यावं लागतं, तुला म्हाईतच हाय, असंही काहीतरी म्हणाले. जाताना बाहेर चपला नीट बघून पायात घातल्या, फाटकाची कडी लावली, आणि हात वर करून गेले. मी दारात उभी होते. मीसुद्धा हात वर केला. सवय.

कप विसळताना माझ्या उजव्या हातातून एक निसटला. फुटला नाही. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जानेवारीपासून मिटत नाहीत. ती दोघं बाकीच्या हातापासून फटकून राहतात, लग्नात रुसलेल्या पाहुण्यांसारखी. कप धरताना, कुलूप लावताना, की-बोर्डवर त्यांची आठवण होते. रात्री मोटरसायकल गल्लीत हळू झाली की होते. भाजी मंडईत मागून कुणी पटपट चालत आलं की मी बाजूला सरते आणि त्याला पुढं जाऊ देते, तो बिचारा कोथिंबिरीची जुडी घेऊन निघालेला असतो. डॉक्टर म्हणतात, होईल कमी. तर या हाताची ही गत ज्याच्यामुळं झाली त्या माणसाला मी आत्ता बसवून चहा पाजला होता. ओरडले नाही. कप फेकला नाही. का केलंत, हा साधा प्रश्नसुद्धा विचारला नाही, आणि माझं पोट तर लोकांना का, कधी, कुठं विचारण्यावर चालतं. क्षमा देऊन बसलेल्या माणसाला प्रश्न विचारायची सोयच राहत नाही. राग आला तो ते कोपऱ्यावरून वळल्यावर. बैल गेला आणि झोपा केला.

साताऱ्याची ती कार्यशाळा आठवली. खरं तर आठवायचं कारण नव्हतं, ती डोक्यातून गेलेलीच नाही. धोक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पत्रकारांची सुरक्षितता, असा भलामोठा फलक, पोवई नाक्याजवळच्या एका हॉटेलचा वरचा हॉल, खिडकीत अजिंक्यतारा. शिकवायला आलेला माणूस लढाया बघून आलेला होता. तो लोखंडी टोपीबद्दल, रक्त थांबवायच्या पट्टीबद्दल, रात्री लाळ गिळता येत नाही अशा भीतीबद्दल शांतपणे बोलत होता आणि मागच्या रांगेत पाटण, शिराळा, वाईकडचे आमचे वार्ताहर एकमेकांना कोपर मारत होते. आमच्याकडं कुठली लढाई. आमच्याकडं सरपंचाचा मेहुणा असतो, वाळूच्या डंपरचा मालक असतो, आणि तोच गणपतीत आरतीला बोलावतो, त्याच्याच वाढदिवसाच्या जाहिरात-पुरवणीच्या कमिशनवर वार्ताहराचं घर चालतं. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याच हातचा पेढा खाल्लेला असतो. त्या माणसाला हे कळत होतं की नाही कोण जाणे, पण त्यानं एक गोष्ट सांगितली आणि ती कोपरं थांबली. तो म्हणाला, टोपी नसली तरी चालेल, पण जिथं जाताय ते एका माणसाला माहीत असलं पाहिजे. एकाच. आणि तो माणूस असा निवडा की तुमच्या जिवाची किंमत त्याला तुमच्यापेक्षा जास्त वाटत असेल. मग म्हणाला, असा कुणी या हॉलमध्ये असेल तर त्याच्याकडं तोंड करून उभे राहा. सगळे चुळबुळत, हसत, लाजत इकडंतिकडं बघू लागले. मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच वळले होते. दादाही माझ्याकडं वळलेले होते. खोटं नव्हते वळले. ते मी आजही शपथेवर सांगेन, आणि हेच मला पचत नाही.

परतताना दादा गाडी चालवत होते. कऱ्हाडच्या अलीकडं आम्ही खुणेचं वाक्य ठरवलं. फोनवर उघड बोलता येत नसेल तर काय म्हणायचं, तर मी म्हटलं, आईचं औषध संपलंय. माझी आई गेली कित्येक वर्षं कसल्या ना कसल्या गोळ्या घेते, कुणाला संशय यायचा नाही. दादा हसले आणि म्हणाले, "तू औषध म्हटलंस की मी हातातलं टाकून निघालोच म्हण." मग बराच वेळ त्यांच्या मुलीच्या, स्वानंदीच्या शिक्षणाबद्दल बोलत राहिले. बाहेर उसाचे ट्रॅक्टर चालले होते. मला त्या दिवशी फार सुरक्षित वाटलं होतं. नवरा असताना वाटलं नव्हतं आणि तो गेल्यावरही वाटलं नव्हतं तेवढं.

बातमी मोठी नव्हती. सांगलीत अशा बातम्या पावलोपावली पडलेल्या असतात. कुपवाडच्या वसाहतीत जयराजचं रसायनाचे ड्रम धुण्याचं वर्कशॉप होतं. कारखान्यांतून आलेले रिकामे ड्रम धुऊन परत विकायचे आणि धुतलेलं पाणी टँकरनं नेऊन ओढ्यात सोडायचं. ओढ्याच्या काठच्या दोन विहिरींचं पाणी पिवळं झालं होतं. मला हे सांगितलं राहीबाईनं. पाटणकडच्या कुठल्याशा वाडीतून नवऱ्यामागं इकडं आलेली, नवरा गेल्यावर ड्रम धुऊन दोन पोरी शाळेत घालणारी. तिच्या तळहाताची सालं निघालेली होती. ती म्हणाली होती, "ताई, टँकर दुपारची पाळी सुटायच्या टायमाला जातोय. तवा गाड्यांची नुसती झुंबड असती, कुणाचं ध्यान नसतंय. पर माझं नाव कुटं नगा घालू. माझं हातावरचं पोट हाय." मी म्हटलं, तुझं नाव माझ्या तोंडून कुणाला जाणार नाही. आणि ऑफिसात येऊन दादांना सांगितलं. अगदी सहज. चहा पिताना. दादांना सांगणं म्हणजे कुणाला तरी सांगणं, असं माझ्या मनाला वाटतच नव्हतं.

ती दुपार मी हजारदा पाहिली आहे आणि दर वेळी ती थोडी निराळी दिसते. अर्धवट बांधलेलं एक गोदाम होतं, ओढ्याच्या वरच्या अंगाला. त्याच्या मागं मी उभी. वरून ऊन, खाली ओढ्याचा आंबट, जिभेला लागणारा वास. दादांना लोकेशन पाठवलं, त्यांचा अंगठा आला. पाळी सुटली, मोटरसायकलींचा लोंढा रस्त्यावरून गेला, टँकर आला, पाइप खाली टाकला, मी चित्रण सुरू केलं. मग तिघं आले. आजवर मी ही आठवण चाळताना त्यांचे हात बघत होते, हातातला पाइपाचा तुकडा बघत होते. आज कप विसळताना पहिल्यांदा त्यांची मान बघितली. शोधणारा माणूस इकडंतिकडं बघतो. ते बघत नव्हते. गोदामाच्या पुढच्या बाजूला वळूनही न बघता सरळ मागं आले, घरी जेवायला आल्यासारखे. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं, मी बातमीदार ना. मी फोन लावला. "दादा, आईचं औषध संपलंय." पलीकडून दादा म्हणाले, "व्हय व्हय. आणतो." त्या आवाजात काही होतं का? घाई होती? नव्हती? मला फक्त शब्द आठवतात. आणतो. मग फोन गेला, मग मी खाली, मग हात विटांवर, आणि त्यावर लोखंड. एकजण म्हणाला, "मगदूमबाई, घरात बसून स्वयंपाक करा." माझं आडनाव त्याला ठाऊक होतं आणि मला त्याचंही आश्चर्य वाटलं नाही. पेपरात आमची नावं छापत नाहीत. आमच्या प्रतिनिधीकडून, एवढंच असतं.

कुणी आलं नाही. म्हणजे आले, वसाहतीतले दोन वेल्डर आले, त्यांनीच मला रिक्षात घातलं. दादा दवाखान्यात आले ते संध्याकाळी. पोलिसांना फोन करत होतो, लागत नव्हता, म्हणाले. मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवला असंही म्हणता येणार नाही, कारण ठेवायचा की नाही हा प्रश्नच पडला नव्हता. पुढचे सगळे दिवस ते येत राहिले. डाव्या हातानं जेवता येईना तेव्हा दहीभात चमच्यानं भरवला. पहिल्या पानावर बातमी केली आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव छापलं, ठळक अक्षरात, वर फोटो. शेजारणी कात्रणं घेऊन आल्या. जिल्ह्यातल्या पत्रकारांनी काळ्या फिती लावून कलेक्टरना निवेदन दिलं, त्या फोटोत दादा मध्यभागी आहेत, फीत सगळ्यात मोठी. दोन मजुरांना अटक झाली, जयराजचं नाव संशयित म्हणून राहिलं. काही दिवसांनी राहीबाईला कामावरून काढलं. गावी गेल्यावर तिनं फोन केला, "ताई, माझं नाव तुमी कुनाला सांगितलं व्हतं काय?" नाही गं, मी म्हटलं. आवाज चढवून म्हटलं. तिनं असं विचारावं याचा मला थोडा रागच आला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. आई शेंगदाण्याची चटणी कुटत होती. पर्युषणाचे दहा दिवस एकभुक्त राहून तिचं तोंड एवढंसं झालेलं.

"आई, दादा काय म्हणाले ते ऐकलंस?"

"ऐकाय मी काय बहिरी हाय व्हय."

"मग काहीच कसं बोलली नाहीस?"

तिनं बत्ता खाली ठेवला. पदराला हात पुसले, परत पुसले. "मला म्हाईत हुतं," म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"चतुर्दशीला बस्तीत भेटला हुता. कोपऱ्यात बसून रडला गं माझ्याफुडं, लहान पोरासारखा. काकू, मी तोंड कसं दाखवू म्हणला. मीच म्हटलं त्याला, क्षमावाणीला ये. आधी क्षमा माग, मग सांग. त्या दिवशी ती न्हाई म्हणायची न्हाई."

माझे कान तापले. बाहेर रस्त्यावर महापालिकेची माणसं परवाच्या विसर्जनाचा गुलाल झाडूनं ओढत होती, त्याचा आवाज घरात येत होता. माझ्या आईनं मला वाढवताना दोन गोष्टी शिकवल्या होत्या, दिवस मावळल्यावर खायचं नाही आणि मनात गाठ ठेवायची नाही. दुसरी गोष्ट तिनं अशी वापरली होती. कुणाला कसं सापळ्यात घ्यावं, हे घरच्यांइतकं कुणाला माहीत असणार. कुंपणच शेत खातं म्हणतात. माझ्या शेताला दोन्ही बाजूंनी कुंपण होतं, आणि मी आपली लांब रस्त्याकडं राखण करत बसले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू केस, कोर्ट, पेपर करत बसली असतीस. ती माणसं परत आली असती. एकदा हात गेला, फुडच्या बारीला काय जाईल, मी कुणाकडं बघू?" तिचा आवाज फुटला. "तू क्षमा केलीस न्हवं त्याला?"

"केली."

"मग झालं. गाठ सुटली. आता त्याचं नाव कुठं घिऊ नको. त्याची पोरगी लगीनाची हाय."

ती रडत होती आणि मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि तिच्या हातातला बत्ता भिंतीवर मारावासा वाटत होता. दोन्ही केलं नाही. तिला माझा जीव वाचवायचा होता, त्यासाठी तिनं मला विकलं, असं शब्दांत मांडलं की ते किती खोटं वाटतं, पण मांडलं नाही तर दुसरं काहीच उरत नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत येऊन दादांच्या खुर्चीसमोर बसले. खुर्चीवर त्यांच्या उपरण्याचा एक पांढरा धागा होता. तो उचलून टाकायला मला फार वेळ लागला. मनात एक विचार येत-जात होता, की आई म्हणते तसं असूही शकेल. माणूस खचतो, घसरतो, पस्तावतो, बस्तीत बसून रडतो. आठ महिने त्यांनी हे पोटात ठेवलं, दहीभात भरवताना ठेवलं, शेवटी सहन झालं नाही, आपणहून आले. आपणहून येणाऱ्या माणसाला आणखी किती मारायचं? मी खरोखरच सैल पडू लागले होते. डोळे मिटून मी त्यांना मनातल्या मनात एकदा नीट, अर्थ समजून, क्षमा करून बघितली. ती बसेना. थोडा वेळ थांबून परत बघितली.

तेवढ्यात फोन वाजला. पोलीस ठाण्यातले हवालदार कृष्णात होते, माझ्या केसचे कागद तेच सांभाळतात. "ताई, बंदोबस्त संपला एकदाचा. त्या दिवशीच्या फोन कॉलची माहिती कंपनीकडनं आलीया बघा. जयराजच्या नंबरवर तुमच्या आवटीसरांचा फोन दिसालाय, तुमच्यावर हल्ला व्हायच्या थोडं आधी. साहेब म्हणले, ताईंचा पुरवणी जबाब घिऊया. आज येताय काय?" मी विचारलं, आवटीसरांना हे माहीत आहे का. "तर. त्यांना चतुर्दशीच्या आदल्या दिवशीच फोन केलता. विसर्जन झाल्यावर येतो म्हणले."

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पोलिसांचा फोन. चतुर्दशीला बस्तीत आईपुढं रडणं. आज माझ्या दारात पांढरं धोतर. बातमी कशी लावायची हे मला दादांनीच शिकवलं होतं : काय घडलं ते नंतर, कशाच्या पाठोपाठ घडलं ते आधी बघ. मी आठ महिन्यांच्या पश्चात्तापावर आत्ताच डोळे मिटून बसले होते, आणि तो पश्चात्ताप जेमतेम तीन दिवसांचा निघाला. रडणं खरं असेल. दादा भित्रे आहेत आणि भित्र्या माणसाचं रडणं खरंच असतं. पण मला मारलं म्हणून ते रडत नव्हते. मी त्यांना फोन लावला. पलीकडं माणसांचा गलका होता, क्षमावाणीला आलेले पाहुणे, वाट्यांचे आवाज, कुणीतरी खीर वाढ म्हणत होतं.

"दादा, पोलिसांचा फोन तुम्हाला कधी आला?"

गलका मागं पडला, ते गच्चीत गेले असावेत. "प्रिया, मी आपणहून सांगितलं बघ तुला."

"कधी आला?"

पलीकडं गच्चीचं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. तेच उत्तर झालं.

"राहीबाईचं नाव पण तुम्हीच दिलं?"

"नाव न्हाई दिलं." आता आवाजात घाई होती. "आतलं कोण हाय म्हणून विचारत हुता. मी म्हटलं, असंल एखादी बाई. एवढंच. आता तिथं ड्रम धुणाऱ्या दोनच बाया, त्याला मी काय करू?"

"तिच्याकडं गेला होतात?"

"कशाला?"

"क्षमा मागायला. आज सगळ्यांकडं जाताय ना."

"तिच्याकडं?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं, त्यात नाटक नव्हतं. "आगं, तिला काय कळतंय त्यातलं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "प्रिया, तू सकाळी क्षमा केलीस. आता माघारी घेता येत न्हाई ती. तुला म्हाईत हाय."

"घेत नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं नाही म्हटलं. माझ्या हाताची क्षमा मी दिली, बोटं माझी होती. पण राहीबाईच्या दोन पोरींची शाळा सुटली ती मी कुठून माफ करणार. ती क्षमा माझ्याकडं द्यायलाच नव्हती. आणि तिच्या दृष्टीनं फितूर कोण, तर ताई. तिनं मला एकटीला सांगितलं होतं. पाटणच्या त्या वाडीत ती आजही लोकांना सांगत असेल, पेपरवाल्या बाईनं माझा घात केला. दादांचं नावसुद्धा तिला ठाऊक नाही.

साडी बदलताना आई दारात येऊन उभी राहिली. कुठं निघालीस, असं तिनं विचारलं नाही. माझ्या हातातली पिशवी, आत आधार कार्ड, दवाखान्याचे कागद, हे सगळं तिनं बघितलं. "त्यानं रडून मागितली गं क्षमा," ती म्हणाली, आणि मग, "माझ्या शब्दाला काय किंमत न्हाई व्हय?" मी म्हटलं, "आहे. म्हणून तर सकाळी तुझ्या शब्दात सापडले." हे बोलायला नको होतं. तिचं तोंड पडलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि तसंच म्हणाली, "दिवस मावळायच्या आत ये. जेवायला थांबते." मी मान हलवली. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. दादांसाठी आलं, आईसाठी आलं, कुणासाठी ते वेगळं करता येईना. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्यानं गाणं बारीक केलं आणि काही विचारलं नाही, तेवढं त्याचं बरं वाटलं. ठाण्याच्या थोडं अलीकडं मी त्याला थांबवलं. उतरले. रस्त्यापलीकडं आमचं ऑफिस दिसत होतं, वरच्या मजल्यावर दादांच्या टेबलाची खिडकी. आज सुट्टी होती त्यांची. या जबाबानंतर त्या जिन्यानं मला वर जाता येणार नव्हतं. वरिष्ठांचं नाव पोलिसांत घेणाऱ्या बाईला दुसऱ्या पेपरातही कुणी काम देणार नव्हतं. अठरा वर्षं दुसरं काही शिकले नव्हते. एक मोटरसायकल मागून हळू झाली आणि मी सवयीनं बाजूला सरले. ती निघून गेली. मी ठाण्याच्या पायऱ्या चढले.

कृष्णात हवालदारांच्या गणवेशावर अजून गुलाल होता, तीन रात्री झोपले नसावेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, कॉम्प्युटर सुरू केला. नाव, वय, राहणार. प्रियदर्शनी मगदूम, एक्केचाळीस, सांगली. एका बोटानं टाइप करत ते शांतपणे विचारत गेले आणि मी सांगत गेले. खुणेचं वाक्य सांगितलं. राहीबाईचं सांगितलं, आणि तिचं नाव कागदावर नको, साहेबांना तोंडी सांगते, हेही सांगितलं. सकाळची गोष्ट सांगितली. त्यावर ते थांबले. "म्हंजे तुमी माफ केलंय त्यास्नी?"

"केलंय."

"मग जबाब द्यायचाय न्हवं?"

"द्यायचाय."

त्यांनी मान डोलावली, जणू असं रोजच असतं, आणि पुढचा प्रश्न वाचला. "तुमी कुठं हाय ते आवटीसरांशिवाय कुणाला म्हाईत हुतं?"

"कुणालाच नाही."

"मग यांनाच का सांगितलं? साहेब इचारनार बघा ह्ये."

मी समोरचा पेला उचलला. पाणी प्याले. ते थांबले होते, बोट की-बोर्डवर धरून.

"लिहा," मी म्हटलं. "मला काही झालं तर सगळ्यात आधी हेच धावत येतील, अशी माझी खात्री होती."

त्यांनी अर्धं वाक्य टाइप केलं आणि माझ्याकडं बघितलं. "ताई, येवढं कोर्टात लागत न्हाई. नुसतं ओळखीचे असल्याने, असं घालू काय?"

"नको. म्हटलं तसंच घाला."

ते परत वाकले. एकेक अक्षर शोधत त्यांनी वाक्य पुरं केलं, पडद्याकडं बघून मोठ्यानं वाचलं, अगदी सपाट आवाजात, आणि विचारलं, "बरोबर हाय?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.